गुळगुळीत झालेला नट

टेबलावर दोन पाने शेजारी शेजारी पडले होते. (पाना म्हणजे नट फिरवायचं हत्यार.) दोन्ही एकाच मापाचे, दोन्ही पोलादाचे. स्वस्तातला तर जरा जास्तच चकचकीत होता. अशा वस्तू असतातच चकचकीत. मग एकाने काम केलं असतं आणि दुसऱ्याने घात केला, हे कसं? अबोलीला ते कोडं सुटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सोडवायची इच्छाही नव्हती. तिचं झाड मरणार होतं.

हे घडलं चांदवाडीत, म्हणजे चंद्रावरच्या एका छोट्या वस्तीत. तिथली रात्र पृथ्वीवरच्या जवळजवळ दोन आठवड्यांएवढी लांब, आणि गारठा असा की आपला फ्रीज त्यापुढे उबदार म्हणावा. म्हणून दिवसभर उन्हावर तेल तापवून टाकीत साठवायचं, आणि सूर्य मावळला की झडप (पाइप उघडणारं-बंद करणारं दार) उघडून ते हरितगृहाच्या भिंतींतून खेळवायचं. त्या हरितगृहात अबोलीचा शेवगा होता. बाकी सगळी पालेभाजी. झाड म्हणावं असं वस्तीत ते एकच. शाळेत कुणाशी बिनसलं की अबोली त्याला टेकून बसायची आणि त्यालाच सगळं सांगायची.

सूर्य मावळायला टेकला आणि झडपेची मोटार बंद पडली. आता हाताने एक नट फिरवायचा, एवढंच काम. पण नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. चांदवाडीत पंचांग पृथ्वीचंच चालतं. वस्तीतली दुरुस्ती अबोलीचे बाबा, दिगंबरराव, करत. त्यांनी सकाळीच आपली चांगली हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडली होती. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही. म्हणून त्यांनी स्वस्तातल्या हत्यारांची पेटी उघडली.

"एक नट तर फिरवायचाय," ते म्हणाले. "भागेल यावर."

भागलं नाही. पाना कचकन घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बाबांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, तेव्हा नटाचे सगळे कोपरे घासून तो गुळगुळीत गोल झाला. मग बाबा धावत जाऊन पूजेतला चांगला पाना घेऊन आले, पण गोल नटावर तोही नुसताच गरगर फिरला. नटात भोक पाडून सळई अडकवावी, तर चांगलं ड्रिल खाणीवर गेलेल्या तुकडीकडे होतं, आणि तुकडी रात्र सरल्यावरच परतणार होती. पेटीतल्या स्वस्त ड्रिलने घर्र केलं, धूर सोडला आणि मान टाकली.

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. अबोलीकडे त्यांना बघवेना.

नलूआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारी) होती. लाडीगोडी तिला जमायची नाही. "रडून घे," ती अबोलीला म्हणाली, "आणि मग ती कानस घेऊन इकडे ये."

कानस म्हणजे लोखंड घासायचं खरखरीत हत्यार. अबोलीने ती आधी स्वस्त पान्यावर ओढली. कानस रुतली, खाली भुगा पडला. चांगल्या पान्यावर ओढली, तर ती सर्रकन निसटली. साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

"म्हणजे हा मऊ आहे?" अबोलीने डोळे पुसले. "पण आत्या, दोन्ही पोलादच ना?"

"पोलादच. पण पोलादाला पाणी द्यावं लागतं. म्हणजे लालबुंद तापवायचं आणि एकदम तेलात नाहीतर पाण्यात बुडवायचं. त्याने ते कठीण होतं. पण नुसतं कठीण पोलाद काचेसारखं तडकतं. म्हणून पुन्हा बेताने तापवून सावकाश गार करायचं. मग ते चिवट होतं. या सगळ्याला वेळ लागतो, जळण लागतं. स्वस्तात विकणारा तिथेच हात आखडतो."

"आणि मऊ पान्याने नट कसा गोल झाला?"

"जोर लावला की मऊ पान्याचं तोंड फाकतं. मग तो नटाची सपाट बाजू धरत नाही, कोपऱ्यांवर घसरतो. सगळा जोर त्या कोपऱ्यांवर. ते झिजले की संपलं."

"फेकून देते मी ती पेटी!"

"का म्हणून? त्याच ड्रिलने तुझ्या खोलीतली फळी बसवली ना? दोन भोकांपुरतं ते चांगलंच होतं. हत्यार घेताना एवढंच विचारायचं, हे बिघडलं तर एकटं जाईल, की समोरचं कामही घेऊन जाईल?"

"मी पूजा मांडली नसती तर..." बाबा पुटपुटले.

"पूजेने काही बिघडलं नाही, दिगू. झडप कालच तपासायला हवी होती."

हरितगृहाच्या काचांवर आतून बर्फ धरू लागला. भाजीच्या कुंड्या घरात आणल्या, पण शेवगा कुठे आणणार? अबोली त्याच्या बुंध्याला टेकली. साल आताच गार लागत होती. तिला काहीच करता येत नव्हतं आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

मग ती उठली आणि पेटीतली करवत घेऊन आली.

"आत्या, शेवग्याची फांदी मातीत रोवली तर जगते ना?"

"जगते कधीकधी."

"ही करवत मऊ आहे. वाकली तर?"

"तू सांग."

अबोलीने पातं वाकवून पाहिलं. "करवत जाईल. फांदीला काही होणार नाही."

ती आपल्याच झाडावर करवत चालवू लागली. रडत होती, पण हात थांबला नाही. बाबा फांद्या धरून उभे राहिले. शेवटच्या फांदीपर्यंत करवतीचे दात पार वाकले होते. गारठ्याने बोटं बधिर होईपर्यंत दोघांनी जमतील तेवढ्या फांद्या स्वयंपाकघरात आणून रोवल्या.

त्या लांबलचक रात्री फांद्या एकेक करून सुकत गेल्या. अबोलीने मोजणंच सोडून दिलं. सूर्य उगवला तेव्हा हरितगृहातलं झाड काळंठिक्कर पडलं होतं. हात लावला की ढलप्या गळत होत्या. ती तशीच परत आली आणि सुकलेल्या फांद्या उपटू लागली. एकीपाशी तिचा हात थांबला. सालीवर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब होता.

"बाबा, इकडे या!"

बाबा त्या फांद्यांकडे रात्रभर फिरकलेसुद्धा नव्हते. ते आले, वाकले आणि कोंबाला बोटाने हळूच शिवले.

"याला मोठी कुंडी लागेल," ते म्हणाले.