अकरा जणी, माहिती निरंक

सकाळी साडेदहाला लखनौहून फोन आला, तेव्हा देविका खानवलकर नुकतीच खुर्चीत टेकली होती. परदेशातून येऊन झाशीत राहिलेल्यांच्या नोंदी तिच्या कक्षाकडे असत. पलीकडचा अधिकारी कोरडेपणानं म्हणाला, की नव्या नियमांतलं सवलतीचं कलम गळतंय. पासपोर्टची मुदत उलटून गेलेल्या विधवांना इथं राहण्याचा परवाना मिळावा, असं ते कलम. पण गरज दिसत नाही. झाशीनं तर 'निरंक' कळवलंय, म्हणजे अशी एकही बाई नाही. मसुदा परवा दिल्लीला जाणार.

देविकाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. प्रेम नगरच्या गल्ल्यांतून हिंडून तिनं स्वतः अकरा जणींची यादी केली होती. पहिलं नाव ईश्वरीबाईचं. शहाऐंशी साली सिंधमधून सून होऊन आलेली. आता नवराही नाही आणि धड कागदही नाही. काम होईल, असं देविकानं तिला सांगितलं होतं.

तिनं पत्राची प्रत मागवली. मजकूर एका वाक्याचा, त्यातलं जनपद म्हणजे जिल्हा: 'सदर जनपद में ऐसा कोई व्यक्ति निवासरत नहीं है, अतः सूचना निरंक है.' खाली सही देविकाचीच. बनावट नव्हे, खरी.

सहीची ती दुपार तिला आठवली, चारचा सुमार. कानाला साहेबांचा फोन, समोर चाळीस कागद. रघुनाथकाका शेजारी उभे राहून पानं उलटत होते आणि ती सह्या ठोकत होती. एकही ओळ तिनं वाचली नव्हती.

रघुनाथकाका म्हणजे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, याच कार्यालयाचे निवृत्त बडे बाबू, म्हणजे मुख्य लिपिक. पत्रांचे मसुदे करायला त्यांना पुन्हा ठेवून घेतलं होतं. तिला सरकारी लिखाण त्यांनीच शिकवलं. ती आधी त्यांच्याकडेच गेली. काकांनी पत्र वाचलं आणि हलक्या आवाजात सुभाषचंद्रचं नाव घेतलं. अकरा प्रकरणं म्हणजे अकरा फायली. तो कुरकुरत होताच.

सुभाषचंद्र सक्सेना, कक्षाचा लिपिक. तिनं त्याला बोलावलं.

"चिट्ठी आपने टाइप की थी?"

"जी मैडम. ग्यारह नाम थे उसमें."

"फिर?"

"दस्तखत वाली फाइल में रखी और बारह बजे निकल गया. दतिया जाना था."

हजेरीत अर्ध्या दिवसाची रजा होती. त्याच्या संगणकात अकरा नावांचं पत्रही होतं. म्हणजे कागद बदलला तो बारा ते चारच्या मध्ये, आणि फाइल तर येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही हाती लागेल अशी टेबलावर पडून होती.

तिनं लखनौचं पत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"मैडम, ये 'सदर जनपद' क्या हुआ? सदर तो तहसील है."

देविका उठली. मग अभिलेखांच्या खोलीत जाऊन तिनं जुने गठ्ठे उपसले. दोन हजार चार साली वरून हाच प्रश्न आला होता. उत्तर अक्षरशः तेच, त्याच 'सदर'सकट. मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरं कोपऱ्यात: र. खा.

तिनं काकांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, हे सुभाषचंद्रचं लिखाण नाही. तो इथला. त्याच्या लेखी सदर म्हणजे तहसील. 'सदर' म्हणजे 'हा, वर सांगितलेला' असं मराठी माणूसच लिहितो. या कार्यालयात मराठी दोघंच. मी लिहिलेलं नाही."

तिनं जुनं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"या बायका तेव्हाही इथंच होत्या. आज अकरा कळवलं असतं, तर तुमचं हे उत्तर खोटं ठरलं असतं. सुभाषचंद्र गेल्यावर तुम्ही कागद बदललात, आणि पानं उलटून माझी सही घेतलीत."

काकांनी चष्मा काढला.

"तेव्हा मे महिना होता. त्या उन्हात कोण हिंडणार? निरंक लिहिलं की वरून पुन्हा विचारत नाहीत. सगळेच लिहीत."

"त्यावरूनच नियम ठरतात."

"ठाऊक होतं मला," काका म्हणाले. मान मात्र वर झाली नाही.

मग त्यांनी सुचवलं, टंकलेखनातली चूक म्हणून कळव. खानवलकर नावाला इथं मान आहे, तो राहील. क्षणभर देविकाला ते पटलं, आणि पटलं याचीच तिला जास्त लाज वाटली.

तिनं पत्र लिहिलं. अकरा नावं, मग काकांनी केलेला बदल आणि शेवटी, मी न वाचता सही केली. काकांनी कबुलीखाली सही केली आणि ते कुणाकडे न पाहता बाहेर पडले. लखनौनं मसुदा आठ दिवस थांबवला. कलम परत येईलच, असं मात्र कुणी म्हणालं नाही. देविकाला खुलासा मागणारी नोटीस आली.

त्याच संध्याकाळी ती प्रेम नगरला गेली. ईश्वरीबाई भाजी निवडत बसली होती. देविकानं काही न लपवता सगळं सांगितलं, न वाचता केलेल्या सहीचंसुद्धा.

ईश्वरीबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही.

"हमें तो पढ़ना नहीं आता, बेटी," ती म्हणाली. "तुम्हें तो आता था."