तेव्हा तू गप्प का बसलास?

महाडच्या दवाखान्यात माझ्या नर्सिंगच्या प्रॅक्टिकलचा तिसरा दिवस होता. पाच नंबरच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी होती. ब्लडप्रेशर बघायला मी तिचा हात उचलला आणि पलीकडून आवाज आला, “अमरीन…?”

मान वर न करताच मी तो आवाज ओळखला. मुदस्सर! म्हणजे ही त्याची अम्मी… दुखण्याने इतकी वाळलेली, की मला कळलंच नाही. आणि ती औषधाच्या गुंगीत होती; त्याने घेतलेलं नाव तिला ऐकू गेलं नाही, आणि नंतरही मास्कमुळे मी कळले नाही.

बारा वर्षांपूर्वी मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचं लग्न ठरलं होतं. मला तो आवडायचा. खूप. मग त्याची अम्मी दासगावला आमच्या घरी येऊन म्हणाली, “रात्रपाळी करणारी, परक्यांची अंगं पुसणारी सून आम्हाला नको.” मुदस्सर शेजारीच बसला होता, चहाच्या कपात बघत. मी नर्सिंग सोडलं. सहा महिन्यांत तो कुवेतला गेला, अम्मीला मोठ्या घरचं स्थळ दिसलं आणि आमचं लग्नही मोडलं.

आता बत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिल्या वर्षाला बसले होते. वर्गातल्या पोरी मला दीदी म्हणायच्या.

तो माझ्यामागून व्हरांड्यात आला. “परत शिकतेस?”

“दिसत नाय?”

“युनिफॉर्म छान दिसतो तुला.”

“तेव्हाही छानच दिसायचा. तेव्हा बोलायचं होतंस!”

तो ओशाळला. “त्या स्थळाला मी नाही म्हटलं, अमरीन. लग्नच केलं नाही.”

“मग मी काय करू? पेढे वाटू?”

त्याला हसू आलं. मेलं मलाही आलं असतं… मी दात आवळून वॉर्डात शिरले.

अम्मीसाठी कुवेतहून परतलेला तो रोज तिथे असायचा. मी आले की खुर्ची सरकवायचा, पाण्याची बाटली पुढे करायचा. मी बघायचेही नाही. म्हातारी मात्र सगळ्यांना सांगायची, “या पोरीचा हात हलका हाय. हिलाच पाठवा.”

आठव्या दिवशी मी तिचं अंग पुसत होते. ती म्हणाली, “कुणाची गो तू?”

मी मास्क खाली केला. “दासगावची अमरीन. परक्यांची अंगं पुसणारी.”

तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मी तिची पाठ नीट कोरडी केली, धुतलेला झगा घातला आणि बाहेर येऊन रडले. तिची दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला होता.

मुदस्सर समोर उभा. “अम्मीवर रागावू नकोस…”

“तिच्यावर नाहीच! तिने निदान तोंड उघडलं. तू गप्प का बसलास?”

“भ्यायलो,” तो हळूच म्हणाला. “माझं चुकलं.”

“मला नको सांगूस. अब्बांसमोर बोल.”

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो दासगावला आला. एकटाच. बस म्हटलं तरी बसला नाही.

“चाचा, अमरीनचं शिक्षण माझ्यामुळे सुटलं. अम्मी बोलली, पण मी अडवलं नाही. मला तिच्याशी लग्न करायचंय… तिची मर्जी असेल तर.”

अब्बांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिलाच विचार. मागच्या वेळी तिचं नर्सिंग सुटलं तेव्हा मीही तिला विचारलं नव्हतं.”

मी दारातून पुढे आले आणि आवाज चढवूनच बोलले, “लग्न पास झाल्यावर. तीन वर्षांनी. आणि मी नोकरी करणार, रात्रपाळीसकट.”

“कबूल.”

“तो शब्द निकाहात काझीसमोर म्हणतात! घाई नको. आणि माझा राग गेलेला नाय.”

“तीन वर्षांत जाईल?”

“नाय जायचा.”

“मग रोज थोडा थोडा काढ… माझ्यावरच.”

अब्बा हसू लपवत आत गेले. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. मी पुस्तक आणून त्याच्या हातात आदळलं. “उभा काय राहतोस? हाडांची नावं विचार.”

त्याने पहिलंच नाव चुकीचं वाचलं. मी ओरडले. दुसरंही चुकवलं, या वेळी मुद्दाम, माझ्याकडे चोरून बघत. मी पुस्तक हिसकावलं… आणि चिडता चिडता, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्याच्यासमोर हसले.