मोठीआईचं ताट

हे मी बोलून सांगत नाही, लिहून ठेवतेय. शाळा सातवीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या. बोलून का सांगत नाही, ते शेवटी कळेल.

त्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लांब शेवयांसारख्या पास्त्याचं पाकीट, टोमॅटो, काळी ऑलिव्ह आणि चीजच्या चकत्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "काय, वाढदिवस वाटतं?"

"नाही हो, भुतांना जेवायला बोलावलंय."

तो हसला, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी मन इतकं हलकं झालं होतं. कारण मोठी जाऊ घरात नव्हती.

माझी जाऊ वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान तिच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. ती बस-स्थानकावर गाड्या पुकारते. तिचा आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा आहे असं तिने सांगितलं तरी माणसं चिडत नाहीत, पिशवी उशाला घेऊन आडवी होतात. भाऊजी ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. तिला मूलबाळ नाही. आणि माझी एकुलती एक, पाच वर्षांची. खाणं इतकंसं, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात.

मी भरवायला बसले की मुंगीचे ओठ घट्ट. डॉक्टरांनी तिच्या वजनाच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता, तो गोल मला झोपेतसुद्धा दिसायचा. पण जाऊ कामावरून आली, हातपाय धुऊन बसली आणि तिने भुताची गोष्ट काढली, की त्याच मुंगीचं तोंड आपोआप उघडायचं. वाटी चाटूनपुसून साफ. रांधलेलं माझं, वाटी माझी, मूल माझं, आणि घास तिच्या आवाजाने आत जायचा. मुंगी तिला मोठीआई म्हणते. नऊ महिने मी वागवलं आणि मोठी ती. मी नुसती आई.

बहिणीच्या बाळंतपणासाठी ती आठ दिवस परगावी गेली, तर तिथूनही रोज साडेसातला फोन. मुंगी फोन कानाला लावून जेवायची. म्हणजे बाई गावाला गेली तरी माझ्या ताटावरून उठेना.

मला गोष्ट सांगता येत नाही. दोन वाक्यांत राजा मरतो आणि मी गप्प. म्हटलं, गोष्ट जमत नाही तर भूतच शिजवू.

संध्याकाळी दार लावून घेतलं. टोमॅटो शिजवून, गाळून लालभडक रस्सा केला. गाजराची नखं कापली. ऑलिव्हचं अर्धं अंग आणि सालीचे पाय, असे कोळी केले. चीजच्या चकत्या कात्रीने कापून त्यांची भुतं केली. दोन मिरे म्हणजे डोळे, आणि सरबताच्या नळीने टोचलेलं गोल तोंड, 'ओ' करून ओरडणारं. स्वतःचंच कौतुक वाटलं.

चार ताटं झाली. सासूबाई, हे, मुंगी, मी. मग पाचवं घेतलं.

आमच्या घरात सासूबाईंचा एक नियम आहे. घरची बाई परगावी असली, तरी तिचं ताट वाढायचं. वाढताना तिला हाक मारून "जेवून घ्या" म्हणायचं, झाकून ठेवायचं, आणि सगळ्यांचं झालं की जिने रांधलं तिने ते संपवायचं. टाकायचं नाही. सासूबाई म्हणतात, "टाकलेलं ताट माणसाच्या मागे फिरतं."

जाऊच्या ताटावर मी भूत ठेवलं. डोळे लावले. तोंडासाठी नळी उचलली... आणि परत ठेवली.

"ताई," मी हळूच म्हटलं, "आज तुमचं तोंड बंद."

जेवून घ्या, असं म्हटलं नाही. झाकण ठेवलं. गंमतच केली मी. देवाशपथ, गंमतच.

सात वाजता दिवे मालवून मेणबत्ती लावली. हे आत येऊन दचकले, "अरे बापरे! पगार झाला नाही म्हणून थेट भूतच घातलंस जेवायला?"

सासूबाई म्हणाल्या, "मला हे दोरे चावायचे नाहीत गं. तो कोळी मात्र दे इकडे."

मुंगी टाळ्या पिटत होती. कोळ्याचे पाय तिने एकेक करून खाल्ले. "आई, तू केलंस? तू?" मी मान डोलावली. माझा ऊर भरून आला. तिने तीन घास घेतले, मोजून तीन. मग काटा खाली ठेवून ती फोनकडे बघत बसली.

"खा ना बाळा."

"मोठीआईचा फोन आला की."

साडेसातला फोन वाजला. मुंगीने तो उचलला. "मोठीआई, आईने ना भुतं केलीत!... मोठीआई?... आई, ती बोलतच नाही."

मी फोन घेतला. पलीकडे कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता. ओठ उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत होता, ओलसर... पुन्हा उघडल्याचा... शब्द मात्र नाही. मग फोन बंद झाला.

मुंगीने ताट सरकवलं. हे म्हणाले, "रेंज नसेल." सासूबाईंनी हात धुतले. "सूनबाई, ते ताट संपव आणि आवर."

मी एकटी ओट्यापाशी उभी राहिले आणि झाकण काढलं. आमच्या ताटांवरची भुतं गरम रश्श्यावर केव्हाच वितळली होती, त्यांची तोंडं पसरून डबकी झाली होती. हे एक मात्र तसंच होतं. कडा ताठ, मिरे माझ्याकडे रोखलेले. खालचा पास्ता अजून वाफाळत होता.

टाकून द्यावंसं वाटलं. पण नियम तो नियम. मी चकती उचलून तोंडात घातली. ती थंडगार होती. चावली जाईना. जिभेवर दुसरी जीभ ठेवल्यासारखी लागली... आणि आपली आपणच घशात उतरली.

घशाला खाज सुटली. पाणी प्यायले, तरी थांबेना.

"आई," आतून मुंगी रडत म्हणाली, "तूच सांग ना गोष्ट."

मी तिच्याजवळ बसले, घास हातात घेतला आणि तोंड उघडलं.

"एका स्थानकावर ना, एक गाडी यायची, जिला चाकंच नव्हती..."

मुंगीचं रडणं थांबलं. तिने आ केला.

शब्द माझे नव्हते. आवाजही माझा नव्हता. तो उबदार, संथ, लाउडस्पीकरमधून अख्ख्या गावाला निजवणारा आवाज माझ्या गळ्यातून येत होता. मला थांबायचं होतं. पण मुंगी खात होती. घासामागून घास, सगळं ताट. मी थांबले नाही.

बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "लागला वाटतं वहिनींचा फोन?"

तासाभराने जाऊच्या बहिणीचा फोन आला. बोलता बोलता ताईचा आवाज गेला म्हणे, घड्याळात सातला पाच कमी असताना. मी झाकण ठेवलं, ती वेळ.

जाऊ परत आली. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. स्थानकावर आता दुसरी मुलगी गाड्या पुकारते. जाऊ घरी पाटी घेऊन बसते. पहिल्याच दिवशी तिने पाटीवर लिहून मला दाखवलं, 'त्या दिवशी माझं ताट कोण जेवलं?' मी पाटी पुसून टाकली.

एकदा मी तिच्यासाठी पुन्हा चीजचं भूत केलं, चांगलं मोठं तोंड टोचून. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताट माझ्याकडेच सरकवलं. मी आग्रह केला नाही. खोटं कशाला लिहू, मला हायसं वाटलं. मुंगीचं वजन दीड किलोने वाढलंय. डॉक्टरांनी या वेळी गोल केला नाही.

दिवसभर मी शक्यतो गप्प असते. बोलले की हे चमकून बघतात. फक्त संध्याकाळी, भरवताना, तोंड उघडते.

काल मुंगी माझ्या मांडीवर होती, डोळे मिटून, आ करून. माझी गोष्ट चालू होती. सहज वर पाहिलं तर जाऊ दारात उभी. तिचे ओठ हलत होते. आधी तिचे ओठ हलायचे, मग तोच शब्द माझ्या तोंडून यायचा.

मी घाबरून दात घट्ट मिटले. नाही बोलणार, काही झालं तरी नाही.

मुंगीने डोळे न उघडताच माझ्या गालावरून हात फिरवला.

"मोठीआई... पुढे सांग ना."

दारात जाऊ हसली, आणि तिचे ओठ उघडले.

मी पुढची गोष्ट सांगायला लागले.