मीठ-तांदळाचा मान

“अहो, आत या की! अर्धे भिजलात, उरलेले अर्धे कुणासाठी राखून ठेवलेत?”

मारिव्हिकनं दारातून हाक मारली तरी तो माणूस ओसरीच्या कडेलाच थांबला. अंगावरून पाणी निथळत होतं, पण छातीशी धरलेला गोड पावांचा खोका कोरडा ठणठणीत.

“पाय ओले आहेत माझे,” तो म्हणाला. “घर खराब होईल.”

“विकायलाच काढलंय. खराब झालं तर जरा स्वस्तात जाईल.”

तो हसला... आणि मारिव्हिकनं उगाचच किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. मांबाहाव गावात घरं दाखवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. बेट लहान, राहणं स्वस्त, त्यामुळं लांबलांबची माणसं इथं घर शोधत यायची. आज एक गोरं म्हातारं जोडपं यायचं होतं, आणि त्यांच्याऐवजी पावसानं हा आणून सोडला होता. रेनांते नाव. मालवाहू जहाजावर आचारी, सुट्टीवर गावी आलेला.

“मलाही घर हवंच आहे,” तो म्हणाला.

“पाऊस थांबेपर्यंत, की कायमचं?”

“ते... दाखवणारीवर आहे.”

घ्या! पहिल्याच भेटीत हा आगाऊपणा. मारिव्हिकला राग यायला हवा होता. मेला आलाच नाही.

मग ती त्याला घरं दाखवत गावभर हिंडली आणि तो प्रत्येक घरात खोट काढत राहिला. एका ठिकाणी म्हणे वारा नाही, दुसरीकडं शेजारीण फार गाते. कुठंही गेला की आधी चुलीपाशी जाऊन उभा राहायचा.

“कढई ढवळताना समुद्र दिसला पाहिजे मला.”

“जहाजावर काय मग डोंगर दिसतो?”

“जहाजावरच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही, इंदाय.” तिकडं मुलींना लाडानं इंदाय म्हणतात, पण त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच आलं होतं. “आयुष्य समुद्रावर जातंय, आणि समुद्र बघायला सुट्टी काढावी लागते.”

हा माणूस हसत हसत काहीतरी बोलून जातो आणि मग आपल्यालाच रात्री झोप येत नाही, हे तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

गोऱ्या जोडप्याला त्या पहिल्या घराशेजारचे कोंबडे सहन झाले नाहीत. ते पळाले, आणि ही दोघं पुन्हा तिथंच आली. मागं लान्सोनेसचं झाड फळांच्या घोसांनी वाकलं होतं.

“तू असतीस तर चूल कुठं मांडली असतीस?” त्यानं विचारलं.

“इथं, खिडकीखाली. समुद्र समोर. आणि झाडाची फळं धुवायला मागं एक दगड, आणि संध्याकाळी बसायला—” ती एकदम थांबली. कान तापले होते.

“मग मीठ-तांदूळ तूच आत ने,” तो हळूच म्हणाला.

त्या बेटावर नव्या घरात आधी मीठ आणि तांदूळ जातात, मग माणसं. आणि ते नेण्याचा मान घरच्या मालकिणीचा.

“हे... तू घराचं बोलतोयस, की—”

“घर काय, कुणीही विकत घेईल.”

तिनं मान खाली घातली, पण हो म्हणाली. घर रेनांतेचं झालं. दाराला कुलूप लावताना मारिव्हिकनं मनाशी ठरवलं, आता या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीन ते मीठ-तांदूळ घेऊनच. लग्न डिसेंबरात करायचं ठरलं आणि तो तोवर जहाजावर गेला.

ऑगस्टात धाकटी बहीण लोरना आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दिवस गेले होते. तिचं लग्न घाईघाईनं उरकावं लागलं. आणि आईनं मारिव्हिकचा हात धरला. “एका वर्षात दोन बहिणींची लग्नं झाली, तर एकीचं सुख दुसरी ओढून नेते. थांब गं बाई.”

थांबली. फोनवर रेनांते हसलाच. “ठीक आहे, फेब्रुवारी. तोवर तांदूळ निवडत बस.”

जानेवारीत वडील गेले.

घरात मरण झालं की त्या वर्षी लग्न नाही; केलं तर घरच्या कुणावर तरी संकट येतं, असं तिथं मानतात. रेनांते लग्नासाठी आला आणि वडिलांसाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला पाहुण्यासारखा मागच्या बाकावर बसला. दहाव्या दिवशी विकत घेतलेल्या घराच्या ओसरीवर त्यानं तिला गाठलं.

“गुपचूप लग्न करू. मी, तू आणि पाद्री. कुणाला कळणार?”

“मला कळेल ना! लोरनाचे दिवस भरत आलेत. बाळाला काही झालं तर... तुझ्या चुलीपुढं मी कुठल्या तोंडानं उभी राहू?”

“आणि पुढच्या वर्षी? पुन्हा कुणी आजारी पडेल, पुन्हा कुणाचं लग्न निघेल. मारिव्हिक, माझी पाळी कधी येणार?”

तिला ओरडून सांगायचं होतं, आत्ता, याच क्षणी चल! पण डोळ्यांपुढं काळ्या कपड्यातली आई आली.

“एक वर्ष,” ती म्हणाली. “फक्त एक...”

तो घराची किल्ली तिच्या हातात ठेवून पायऱ्या उतरला. ती बंदरावर गेली नाही. गेली असती तर बोटीत चढली असती.

लोरनाला मुलगी झाली, गुटगुटीत, खणखणीत रडणारी. तिला मांडीवर घेतलं की मारिव्हिकला वाटायचं, बरोबर केलं मी. मांडीवरून उतरवलं की तसं वाटायचं नाही. फोन विरळ होत गेले.

वर्ष सरलं, आणि त्याचा फोन आला.

“घर विकून टाक, इंदाय. मी... इलोइलो शहरात लग्न केलंय.”

“तिकडच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे?” तिनं विचारलं.

“आहे.”

“समुद्र दिसतो?”

“नाही,” तो म्हणाला.

घर एका नव्या जोडप्यानं घेतलं. मारिव्हिकनं ते ओसरीवरूनच दाखवलं. मधली खिडकी जरा उचलून उघडा, चुलीला उजवी बाजू बरी, मागच्या दाराशी पावसात पाय जपून ठेवा. सगळं तिला पाठ होतं.

राहायला यायच्या दिवशी ती मुलगी रिकाम्या हातांनी आत निघाली, तशी मारिव्हिकनं तिला अडवलं. पिशवीतून तांदळाचा डबा आणि मिठाची बरणी काढून तिच्या हातात दिली.

“आधी हे. मग तू.”

मुलगी लाजली, आत गेली, आणि खिडकीखाली दोन्ही ठेवून तिनं बाहेर डोकावलं. “ताई, समुद्र किती छान दिसतो इथून! तुम्हीपण या ना आत.”

लख्ख ऊन पडलं होतं. ओसरीची फरशी कोरडी होती.

“नको गं,” मारिव्हिक म्हणाली. “माझे पाय ओले आहेत.”