मेहनतीनं वाकडी केलेली पानं

स्कॅनरशेजारी कागदांचा गठ्ठा पडला होता. एका पानावर चहा सांडलेला, एक चुरगाळलेलं, एक उलटंच. असला गबाळेपणा तिला बघवत नसे, तिच्या आईचंच रक्त! नोकरीचा पहिला दिवस असूनही तिनं एकेक पान हातानं दाबून सरळ केलं, कडेला कड लावली आणि मान वर केली. दारात एक चष्मेवाला डोक्याला हात लावून उभा.

"अहो, काय केलंत हे! सकाळपासून मेहनतीनं वाकडी केली होती मी."

"मेहनतीनं? कागद वाकडे करायचा पगार मिळतो तुम्हाला?"

"मिळतो की... आणि तुम्हाला सरळ करायचा मिळत असेल, तर आपलं काही जमायचं नाही."

जमलं. तिथंच जमलं — पण कबूल कोण करतो!

कागद वाचून देणारं संगणकातलं टूल त्यानं बनवलं होतं. ते वापरणार कोण, तर एजंट. म्हणजे माणसाची कामं परस्पर उरकणारे, हात ना पाय असले यंत्रातले कारकून. हे टूल कधी हाती घ्यावं, त्याला काय द्यावं, त्यातून काय परत येईल, हे त्या कारकुनांना समजावून लिहायचं काम तिचं. वाकडी पानं होती ती टूलची परीक्षा घ्यायला.

"एजंटला डोळ्यांनी खुणावलेलं कळत नाही," ती म्हणायची. "सगळं उघड लिहावं लागतं."

"आणि माणसाला कळतं?"

"अक्कल असेल त्याला."

तो बघतच राहायचा... आणि ती पेनचं टोपण उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. महिनाभरात 'अहो'चं 'अरे' झालं.

मग एका संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. खिडकीची काच बाहीनं पुसत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "आत्यानं स्थळ आणलंय. काय करू... नको म्हणू?"

'म्हण' एवढंच तर म्हणायचं होतं! पण नाही. आधी त्यानं बोलावं, आपण का लाचार व्हायचं? बाईसाहेबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. दिवसभर यंत्रांना उघड बोलायला शिकवणारी ती पोर, माणसापुढं मात्र पाषाण!

तो थांबला. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. मग "बरं..." म्हणून छत्री घेऊन गेला.

घरी आई ताट वाढत होती. "डोळे का सुजलेत?"

"कांदा."

"कांदा आज मी चिरलाय. माझे बघ, ठणठणीत."

"आई... आपणहून सांगितलं तर मान खाली जाते का गं?"

"जाते थोडी." आईनं पळी आपटली. "पण मान ताठ ठेवून एकटीनं जेवणं गोड लागतं, असं कुणी सांगितलं तुला? सांगून टाक जा, शहाणे!"

दुसऱ्या दिवशी ती सांगायला गेली, तर तो रजेवर. त्याच्या पुढच्या दिवशी आला. तिनं धीर एकवटला... आणि बोलली ती कामाचंच.

"हे चुरगाळलेलं पान टाकलं, तर तुझ्या टूलनं काहीच परत दिलं नाही."

"वाचता आलं नसेल."

"मग तसं सांगायला नको त्यानं? एजंट समजेल पान कोरंच होतं. तेच खरं धरून पुढं जाईल आणि भलतंच करून बसेल!"

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हो... मीही तसंच समजलो."

"कुठलं पान?"

"पान नाही. तू. त्या संध्याकाळी."

तिच्या हातून टोपण निसटलं. "कोरं नव्हतं रे... काठोकाठ भरलं होतं. सांगायला जीभच उचलली नाही मेली."

"काल होकार दिला मी." त्यानं चष्म्याची काडी दुमडली. "ती मुलगी रडली गं... म्हणाली, तुम्ही नको म्हणाल म्हणून रात्रभर जीव मुठीत धरून होते. मोडतो मी. तू फक्त म्हण — आत्ता मोडतो."

या वेळी ती गप्प बसली नाही.

"मोडायचं नाही. आपल्या मुक्याबहिऱ्या खेळात तिचा काय दोष? तिनं निदान तोंड उघडून सांगितलं."

"आणि तुझं?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. खूप आहे... जा आता. टूल दुरुस्त कर."

त्यानं केलं. आता पान वाचता आलं नाही, तर टूल तसं स्पष्ट सांगतं. एजंटांसाठी तिनं लिहिलं: काहीच परत आलं नाही, म्हणून कागद कोरा समजू नका. पुढं वर्षानुवर्षं कितीतरी एजंटांना त्याचा उपयोग होईल. तिला काय उपयोग!

लग्नाआधीच तो दुसऱ्या कचेरीत गेला. परीक्षा मात्र चालूच राहिली, आणि पानं वाकडी करायचं काम तिच्याकडं आलं. ती एकेक पान चुरगाळते, त्यावर चहा सांडते, स्कॅनरवर ठेवते. हात सवयीनं कड सरळ करायला जातो...

ती हात मागं घेते. राहू दे वाकडंच.