वीतभर लांब साखळी

आजोबांची तांब्याची पाटी शोधायची आणि सोमवारच्या आत खाली परतायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं खिंडीत चढत होतो. सोमवारी शहराचा शंभर वर्षांचा इतिहास छपाईला जाणार होता आणि त्यातून आजोबांचं नाव गाळायचं ठरलं होतं. 'ते वर गेलेच नाहीत. स्नानगृहात पाय शेकत बसून नकाशा काढला,' असं इतिहास लिहिणाऱ्या समितीचं म्हणणं. मी शाळेत भूगोल शिकवते. ऐकून डोकंच फिरलं माझं!

आमचं शहर चिमुकलं. एक गरम झरा, त्याभोवती स्नानगृहं आणि सात हॉटेलं. सगळ्यांची भिस्त एकाच गोष्टीवर: वरच्या खिंडीत खंड दुभंगतो, अलीकडचं पाणी पूर्वेच्या महासागराला जातं, पलीकडचं पश्चिमेच्या. ती जागा आजोबांनी मोजून काढली आणि तिथे दगडांची रास रचून खाली पाटी ठेवली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

सोबत मामा होते, आजोबांसारखेच मोजणीदार. आणि झऱ्यावरचे हॉटेलवाले, ज्यांना सगळे गरमपाणी म्हणतात.

आजोबांच्या वहीत राशीपर्यंतचं अंतर होतं, झऱ्यापासून तीनशे साखळ्या, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी तीनशे वेळा टाकून. मामा टेप टाकत पोचले. भोवती दाट धुकं, पायाखाली खडी. रास नाही!

"समितीचं खरं निघालं म्हणायचं," गरमपाणी धापा टाकत म्हणाले.

"तोंड आवरा!" मामा कडाडले. "बाबांची साखळी संग्रहालयात आहे. कड्या झिजून वीतभर लांबलीय. म्हणून दर साखळीमागे मी वीत वजा केलीय."

मी वही ओढून घेतली. "मामा! साखळी लांब, म्हणजे खरं अंतर जास्त! वीत मिळवायची होती!"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "चाळीस वर्षं मोजणी केली मी," ते पुटपुटले. मग ताठ उभे राहिले. "सहाशे विती पुढे. चला!"

पुढे बर्फाचा उतार होता. कमरेला दोर बांधला. मामा कुदळीने पायऱ्या खोदत पुढे, मी मधे, मागे गरमपाणी. अर्ध्यावर मागून किंकाळी आली. दोर ताणला! मी पालथी पडले. बुटांची टोकं रोवली. हात सोलवटले. मामांनी कुदळ बर्फात ठोकली आणि आम्ही दोघांनी गरमपाण्यांना इंच इंच वर ओढलं.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

"आता? माझी टोपी गेली त्या दरीत," गरमपाणी अंगावरचा बर्फ झटकत म्हणाले. "वसूल झाल्याशिवाय नाही!"

उताराच्या टोकाला ती दिसली. रास! दगड उचलले, हिरवी पडलेली पाटी निघाली. तिच्यावर खिळ्याने कोरलं होतं: 'धुक्यात माथा सापडला नाही. इथलं पाणी पूर्वेलाच जातं. खूण तात्पुरती. उद्या पुढे जाईन.'

मामा मटकन बसले. "तरुणपणी डोंगरात पाय मोडला होता बाबांचा. कुठे, ते कधी सांगितलं नाही. इथूनच उतरताना मोडला असणार. म्हणून शेकत बसायचे!" ते रडत होते, आणि मीही.

मी पेन्सिलीने पाटीचा ठसा कागदावर उतरवला आणि ती पिशवीत टाकायला गेले. मामांनी हात धरला. "मोजणीची खूण हलवायची नसते, पोरी."

पाटी जागेवर गेली. आम्ही दोनशे पावलं आणखी चढलो आणि माथा आला. गरमपाण्यांनी थर्मासमधलं झऱ्याचं पाणी खडकावर ओतलं. थोडं थबकलं, मग दोन वाटांनी निघालं.

"आता इतिहासात काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"ते वर गेले होते. आणि माथा सापडल्याची थाप त्यांनी नाही, आपण मारली."

मामांनी तीन दगड एकावर एक ठेवले.

"झाला बाबांचा उद्या," ते म्हणाले आणि दोर आवळून उतरायला लागले.