पोचलो की उठव

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि मावशीला थापा मारता येत नाहीत.

मावशी विमानात एअर होस्टेस होती. मधे कुठेही न थांबणारं, अख्खा दिवस खाणारं उड्डाण. बाहेर लख्ख ऊन होतं. पण प्रवाशांना झोप लागावी म्हणून खिडक्या बंद, दिवे मंद. आत नुसती खोटी रात्र.

शेवटच्या रांगेत एक आजोबा एकटेच बसले होते. कितीतरी वर्षांनी लेकीकडे निघालेले.

"पोरी, जेवायला उठवू नकोस हं. पोचलो की मात्र उठव. लेक वाट बघत असेल."

"आजोबा, ते माझ्याकडे लागलं. झोपा निवांत."

पहिलं जेवण झालं. आजोबा झोपलेलेच.

दुसऱ्या जेवणाला मावशीचा हात सहज त्यांच्या हाताला लागला...

थंडगार.

प्रवाशांत एक डॉक्टर होते. त्यांनी तपासून नुसती मान हलवली.

खाली समुद्रच समुद्र. उतरणार कुठे? विमान भरलेलं, त्यांना हलवणार तरी कुठे? मावशीने त्यांचा पट्टा आवळला, त्यांच्या तोंडावरून पांघरूण घातलं आणि ती मागे जाऊन बसली.

थोड्या वेळाने...

टिंग.

आजोबांच्याच सीटवरचा, होस्टेसला बोलावायचा दिवा लागला होता.

"वायर सैल असेल गं," सीनियर ताई म्हणाली. तिने त्या सीटची बेलच बंद करून टाकली.

सगळं शांत. मग परत...

टिंग.

मावशी गेली. पांघरूण छातीपर्यंत खाली आलं होतं.

 ती वाकून म्हणाली, "अजून नाही पोचलो, आजोबा."

दिवा विझला.

विमान उतरलं. सगळे प्रवासी गेले. मावशी त्या रांगेपाशी थांबली. शब्द दिला होता. पण हाक मारली आणि ते खरंच उठले तर?

तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. ती तशीच उतरली.

बाहेर एक बाई टाचा उंचावून उभी होती. गणवेश बघून पुढे आली.

"अहो, आमचे बाबा आतच झोपून राहिले वाटतं. कुणी उठवलं नाही का त्यांना?"

मावशीने ती नोकरी सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. आजही दुपारी पडदे ओढून ती आडवी झाली, की कधीकधी डोळे न उघडताच पुटपुटते, "अजून नाही पोचलो, आजोबा."

मला वाटायचं, झोपेत बरळते.

परवा मी तिच्या उशाशी बसले होते. ती पुटपुटली, त्याच्या आधी...

मलाही ऐकू आलं...

टिंग.